‘बंगल्यावर’मधला ‘वर’

साळवे, चौकात तुमचे दोन फ्लेक्स लागले होते. एकावर ‘शहीद’ असं होतं, दुसऱ्यावर ‘घुसखोरांच्या दगडफेकीचे बळी’. फोटो दोन्हींवर तोच, पुतणीच्या लग्नातला, फेटा बांधलेला. आणि नाव दोन्हींवर चुकलेलं. एकानं तुमचं साळवी केलं, दुसऱ्यानं साबळे. आयुष्यभर लोकांच्या आडनावातल्या काना-मात्रा नीट करत बसलेला माणूस, आणि त्याच्याच नावाची ही गत. तुम्ही असता तर खिशातलं लाल पेन काढून तिथंच स्टुलावर चढला असता. शांतावहिनी स्वतः गेल्या आणि दोन्ही फ्लेक्स उतरवायला लावले. कार्यकर्ते हुज्जत घालायला लागले, तेव्हा म्हणाल्या, "माझा माणूस तुमच्यातबी नव्हता आन् त्यांच्यातबी नव्हता. तो टेबलावर बसायचा."

परवा मी त्यांना विचारलं, तेरावा कधी आहे, काय आणू? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "आमच्यात तेरावा नसतो, बाई. पुण्यानुमोदन झालं की रविवारी. तुम्ही आला होता." आले होते, साळवे. मागच्या खुर्चीवर बसून वंदना ऐकली, तुमच्या फोटोला फूल वाहिलं, सगळ्यांबरोबर जेवले, आणि घरी जाऊन पुन्हा तेराव्याचे दिवस मोजत बसले. सव्वीस वर्षं तुमच्या शेजारच्या टेबलावर काढली आणि एवढंसुद्धा शिकले नाही. दुसऱ्याचं ऐकायचं आणि आपल्याच भाषेत उतरवून घ्यायचं, ही माझी खोड तुम्हाला चांगली ठाऊक होती. तीच नडली.

आज दुपारी हलीमाची सुनावणी झाली. तिथं काय झालं ते सांगायलाच बसलेय. पण त्याआधी आपलं भांडण. ते अर्धं टाकून तुम्ही गेलात, आणि अर्धं भांडण मला पचत नाही.

मी टाइपरायटर घेऊन तहसीलच्या आवारात पहिल्यांदा आले, तेव्हा नवऱ्याची कंपनी बंद पडली होती आणि अनिकेत चार वर्षांचा होता. आजोबा भिक्षुकी करायचे, वडील कचेरीत कारकून होते, आणि मी कचेरीच्या बाहेर, उन्हात. लोकांचे अर्ज लिहून देणारे बाकीचे सगळे अर्जनवीस म्हणाले, बाईमाणसाला इथं जागा नाही. तुम्ही उठलात. आपलं टेबल दीड हात सरकवलंत, ताडपत्रीची दोरी सोडून पुढच्या खांबाला बांधलीत आणि म्हणालात, "बसा बाई. सावली लई हाय." त्या दिवसापासून मी तुमच्यासाठी बाई आणि तुम्ही माझ्यासाठी साळवे. दादा-ताई करायची वेळच आली नाही, कारण पहिल्याच आठवड्यात आपलं वाजलं.

एक म्हातारा आला होता. त्याचं म्हणणं, शेजाऱ्यानं माझा बांध खाल्ला. मी झकास टाइप केलं, ‘शेजारील खातेदाराने सामाईक बांधावर अतिक्रमण केले आहे.’ तुम्ही वाकून वाचलंत.

"बाई, ह्यात त्या म्हाताऱ्याचं काय हाय?"

"म्हणजे काय?"

"तो खाल्ला म्हणतोय. दरसाली थोडा थोडा, ह्याला कळू न देता. तुमचं अतिक्रमण एका दिवसात व्हतं."

मी म्हटलं, साहेबाला ‘खाल्ला’ समजत नाही. तुम्ही म्हणालात, "का? साहेब जेवत नाय का?"

तेव्हापासून हेच चाललं. तुमचं म्हणणं, माणूस बोलतो तसं लिहावं. माझं म्हणणं, कागद बोलतो तसं लिहावं. माझे अर्ज सरसर पुढे जायचे, तुमच्या अर्जांवर शेरे पडून ते परत यायचे. मला त्याचा तोरा होता, नाही म्हणत नाही. तुम्ही शेरा वाचायचात, मान हलवायचात आणि पुन्हा तस्सं लिहून द्यायचात. शहराचं नाव बदललं तेव्हा चार दिवस आपण दोघं छापील फॉर्मवरचं जुनं नाव खोडून नवं लिहीत बसलो होतो. कुणी येऊन म्हणायचं, जुनंच राहू द्या. कुणी म्हणायचं, अजून कसं जुनं ठेवलंय? तुम्ही प्रत्येकाला एकच विचारायचात, "काम काय हाय तुमचं?" आणि कामाला लागायचात.

दुसरा तुमचा हट्ट ओळखीचा. शपथपत्राखाली एक ओळ असते, ‘लिहून देणार यांना मी व्यक्तिशः ओळखतो.’ तिथं कुणीतरी सही करायची असते. आवारातले निम्मे लोक कुणासाठीही ती सही करायचे, एका कप चहावर. तुम्ही नाही. "वळखत नाय त्याची वळख कशी देऊ?" लोक तोंडावर शिव्या देऊन जायचे. मीसुद्धा म्हटलंय, साळवे, नुसती सही तर आहे, कशाला एवढा ताठा? तुम्ही म्हणायचात, "नुसती सही आसती तर त्यांनी स्वतःच केली नसती का?"

हलीमा आली ती दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात. राहायला पडेगावला, बांधकामावर वाळू-विटा वाहणारी, पन्नाशीला टेकलेली. तिच्या आधारवरची जन्मतारीख रेशनकार्डाशी जुळेना, म्हणून जन्माचा दाखला मागितलेला. तिच्या जन्माची नोंद कुठंच नव्हती. खेड्यातल्या गरिबाघरी तेव्हा कुणाची असायची? मग उशिराच्या जन्मनोंदीचा अर्ज भरायचा. तुम्ही नेमके डबा उघडून बसला होता, म्हणून ती माझ्या टेबलाशी आली.

"जन्म कुठला?"

"बंगल्यावर झाले मी."

"कुठल्या बंगल्यावर?"

"कन्नडच्या घाटापाशी न्हाय का, सरकारी बंगला? बाप तिथं चौकीदार व्हता. मैं बंगले पोच पैदा हुई."

मी रकान्यात लिहिलं: बंगला. पुढच्या रकान्यात: कन्नड. ‘बंगल्यावर’ कसं लिहिणार? गावाच्या नावामागं असं काही लटकत ठेवायचं नसतं, हे मला शाळेपासून पाठ. तुम्ही तोंडात घास असताना मान लांब करून बघितलंत. "बाई, त्यातला ‘वर’ कुठं गेला?" मी म्हटलं, "‘वर’ गेला वरती. तुम्ही भाजी संपवा." तुम्ही हसलात. हलीमाला काय कळलं कोण जाणे, तीही हसली.

आत ऑपरेटरनं तो अर्ज संगणकात भरला, मराठीत आणि इंग्रजीत. इंग्रजीत बंगला लिहा नाहीतर बांगला, अक्षरं तीच. दाखला छापून आला, हलीमा तो पदरात गुंडाळून घेऊन गेली. त्यावरचं जन्मस्थळ तेव्हा कुणी वाचलंच नाही. तिनं नाही, मी नाही, सही करणाऱ्यानं तर नाहीच.

मग वाचायचे दिवस आले. बाहेरच्या देशातून आलेल्यांनी खोटे दाखले काढलेत अशी ओरड सुरू झाली आणि उशिराच्या सगळ्या जन्मनोंदींची फेरतपासणी लागली. मोबाइलवर याद्या फिरायला लागल्या, कुठली खरी, कुठली खोटी कळायला मार्ग नाही. एका बाजूनं मोर्चे, घुसखोरांना हाकला म्हणून. दुसऱ्या बाजूनं धरणं, आमचे दाखले परत द्या म्हणून. लोक आपल्या टेबलाशी यायचे, आधी तुमच्या-माझ्या चेहऱ्याकडे बघायचे आणि मगच खिशातला कागद काढायचे. एक दिवस दोघं-तिघं अंगावर धावून आले, तुम्हीच भरले ना यांचे फॉर्म? तुम्ही खुर्चीतून उठला नाहीत. म्हणालात, "व्हय, आमीच भरले. तुमच्या आईचाबी म्याच भरलाय, श्रावणबाळचा." ते गेले.

आपण रोज भांडायचो. मी म्हणायचे, तपासायलाच पाहिजे. कुणीही यावं, कागद करावेत आणि राहावं, असं कसं चालेल? आजही मी तेच म्हणते. तुम्ही गेलात म्हणून माझं मत बदललं असं खोटं लिहिणार नाही, तुम्हालाच ते आवडायचं नाही. तुम्ही म्हणायचात, "तपासा ना. कोण नको म्हणतंय? पण तपासणाऱ्याला वाचता याय पायजे." मी म्हटलं, तुम्हाला सगळ्या जगाचा पुळका. त्यावर तुम्ही पेनाला टोपण लावलंत. "पुळका नाय बाई. माझ्या आज्याला गावात कुणी धड नावानं हाक मारली नाय. कागदावर नाव आलं तवा तो माणसात आला. म्हणून मला कागद फाडायचं भ्या वाटतं. तुम्हाला नाय वाटत, कारण तुमच्या घरात कागद पयल्यापासून हायेत." मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हटलं, "प्रत्येक गोष्टीत आज्याला कशाला आणता?"

दोन दिवस आपण चहा वेगवेगळा घेतला. तिसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या टेबलावर कप ठेवलात आणि मी तो घेतला, एवढंच. माफी मागितली नाही. ती आज मागते.

मग हलीमाला नोटीस आली. जन्मस्थळ ‘बांगला’ संशयास्पद, कन्नड तालुक्यात अशा नावाचं गाव नाही, दाखला रद्द का करू नये, खुलासा करा. दाखला गेला तर पुढं काय, हे नोटिशीत नव्हतं, पण वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. तिच्या गल्लीतल्या एका कुटुंबाला गाडीत बसवून नेलं होतं आणि त्यांचा पत्ता महिनाभर लागला नव्हता. हलीमाला रोज सकाळी दहाला ठाण्यात हजेरी लावली. दहाला ठाण्यात जाणाऱ्या बाईला कामावर कोण ठेवणार? मुकादमानं घरी बसवलं. या खेपेला ती माझ्याकडे आली नाही, सरळ तुमच्या टेबलाशी गेली. म्हणाली, "वो लोगां पूछते, बंगाली आती क्या? मेरेकु तो मराठीच धड नई आती, दादा."

तुम्ही नोटीस वाचलीत, दाखला वाचलात, मूळ अर्जाची नक्कल काढून आणलीत. ती माझ्यापुढं ठेवून रकान्यावर बोट ठेवलंत. मीच म्हटलं, "‘वर’."

"व्हय," तुम्ही म्हणालात. "‘वर’."

दुसऱ्या दिवशी टेबल बंद ठेवून तुम्ही कन्नडला गेलात. तिथला आठवडी बाजार होता, एसटीत उभ्यानं गेलात, उभ्यानं आलात. बंगल्याला छप्पर उरलं नाही, पण चौकीदाराच्या खोलीच्या भिंती आहेत, त्याचे फोटो काढून आणलेत. ग्रामपंचायतीनं हात वर केले, आमच्याकडं असली नोंद नाही. तुमचे मात्र हसताना सगळे दात दिसत होते. खिशातून एसटीचं तिकीट काढून तुम्ही माझ्या नाकासमोर धरलंत. त्यावर उतरायच्या थांब्याचं नाव होतं, ‘बंगला फाटा’.

"बाई, सरकारच्या गाडीला गाव म्हाईत हाय. सरकारलाच तेवढं नाय."

ते तिकीट तुम्ही निळ्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातलंत. पण मग तुम्हीच खाली बसलात आणि हळू आवाजात म्हणालात, गाव आहे हे तिकिटानं कळंल. तिला तेच गाव म्हणायचं होतं हे कशानं कळंल? ते लिहिणाऱ्यानं सांगायला पायजे.

लिहिणारी मी होते.

त्याच आठवड्यात बातमी आली, खोट्या माहितीचे फॉर्म भरून देणाऱ्यांवरही गुन्हे दाखल होणार. अनिकेत आता चिकलठाण्याला कंपनीत आहे. तो ड्यूटीवरून सरळ स्वयंपाकघरात आला, बूटसुद्धा काढले नाहीत. म्हणाला, "आई, तू कुठंही सही करायची नाही. साळवेकाकांना काय करायचं ते करू दे. तू नाही." वाईट मनानं नाही म्हणाला, साळवे. तुमच्या मांडीवर बसून बाराखडी गिरवलेला मुलगा आहे तो. घाबरला होता. आणि मला बरं वाटलं की घाबरायला मला कारण मिळालं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तो सोमवार. कचेरीच्या फाटकासमोर धरणं होतं, रस्त्याच्या पलीकडून मोर्चा येणार होता, मध्ये बॅरिकेड आणि पोलीस. आवारातले निम्मे टेबलवाले आलेच नव्हते. तुम्ही साडेदहाला आलात, इस्त्रीचा शर्ट घालून. फोल्डरमधून एक कागद काढलात आणि माझ्या टाइपरायटरवर ठेवलात.

"बाई, सही."

मी पहिली ओळ वाचली. ‘मी, खाली सही करणार, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की...’ तुमच्या अक्षरात, माझ्या नावानं. पुढं वाचलंच नाही. कागद उलटा केला आणि तुमच्याकडे सरकवला. म्हटलं, "मला यात ओढू नका, साळवे. माझ्या घरात मुलगा आहे."

मला वाटलं तुम्ही वाद घालाल. आज्याला आणाल, साहेबाच्या जेवणाला आणाल. सव्वीस वर्षांत तुम्ही माझा एकही मुद्दा बिनविरोध सोडला नव्हता. तुम्ही कागद फोल्डरमध्ये घातलात आणि म्हणालात, "बरं."

फक्त ‘बरं’. त्या ‘बरं’चं मी काय करू ते सांगा.

मी सही केली असती तर तुम्ही आत जाऊन आवक खिडकीवर कागद दिला असता, शिक्का घेतला असता आणि दहा मिनिटांत परत आला असता. सहीशिवाय खिडकी घेणार नाही, म्हणून तुम्ही फाटकाकडे गेलात. धरणेवाल्यांचं शिष्टमंडळ मोठ्या साहेबांना भेटणार होतं, त्यांच्याबरोबर तिकीट आणि फोटो तरी पोचवावेत म्हणून. मी बघत होते. तुम्ही बॅरिकेडपाशी हवालदाराला फोल्डर उघडून काहीतरी दाखवत होता, बहुतेक तिकीटच. तेवढ्यात मोर्चा आला. घोषणा इतक्या जवळून की कुणाच्या कुठल्या ते कळेना. बॅरिकेड आडवं झालं. पहिला दगड कुठून आला हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक आहे. मी तीस पावलांवर होते आणि मला ठाऊक नाही. मग लाठ्या, मग पळापळ. मी टेबलाखाली बसले होते, साळवे. टेबलाखालून मला फक्त पाय दिसत होते, आणि त्या पायांत निळं फोल्डर इकडून तिकडं जात होतं.

तुम्ही दुभाजकाच्या कडेला पडला होता. उचलणारे चौघं होते. दोघांच्या गळ्यात मोर्चाचे पंचे होते, दोघं धरण्यातले होते. ते कुठल्याच फ्लेक्सवर आलं नाही.

दवाखान्यात तुम्ही पाच दिवस होता. दुसऱ्या दिवशी थोडे शुद्धीवर आलात, वहिनी मला म्हणाल्या, बोला तुम्ही, मी औषध घेऊन येते. मी स्टुलावर बसले. तुम्ही डोळे उघडलेत आणि विचारलंत, "चहा झाला का, बाई?" मी म्हटलं, झाला. खोटंच. मग म्हणालात, "त्या बाईची तारीख कधी हाय?" मी तारीख सांगितली. तुम्ही वाट बघितलीत. मला माहीत आहे कशाची. ‘मी सही करते’ एवढे तीन शब्द होते, माझ्या जिभेवर होते, आणि मी तुमच्या अंगावरची चादर नीट करत बसले. ती आधीपासूनच नीट होती. तुम्ही डोळे मिटलेत. पुन्हा उघडलेत, पण मी तेव्हा तिथं नव्हते.

फोल्डर पोलिसांकडून वहिनींकडे आलं आणि वहिनींनी ते माझ्या हातात दिलं. "तुमच्या कामाचं हाय म्हणं." मी ते आठ दिवस उघडलं नाही. काल उघडलं. तिकीट होतं, पुसट झालेलं. फोटो होते. आणि तो कागद, त्यावर बुटाचा ठसा, अर्ध्या टाचेचा. या वेळी मी तो पूर्ण वाचला.

‘मी घाईत होते. हलीमा म्हणाली, मी बंगल्यावर झाले. साळवे जेवत होते, नाहीतर त्यांनी बरोबर लिहिलं असतं. मी ‘वर’ खाल्ला. मला वाटलं तो फालतू आहे. चूक माझी आहे, तिची नाही.’

मी असंच बोलते, साळवे. अगदी असंच. ‘नाहीतर त्यांनी बरोबर लिहिलं असतं’ हे मी कधी बोलले नाही, पण बोलले असते तर असंच बोलले असते. आणि ‘खाल्ला’ लिहिलंत तुम्ही. सोडला नाहीत तो शब्द.

खाली माझ्या सहीची जागा कोरी. त्याच्या खाली ती ओळ, ‘लिहून देणार यांना मी व्यक्तिशः ओळखतो.’ आणि तिथं तुमची सही, त्या सोमवारची तारीख घालून. माझ्या सहीच्या आधी तुमची झाली होती. मी कागद उलटा करून तुमच्याकडे सरकवला, तेव्हा ती त्यावर होती. घरून करून आला होता. आयुष्यात कुणाची ओळख फुकट न देणारा माणूस, आणि ज्या दिवशी मी ओळख दाखवली नाही, त्याच दिवशी तुम्ही माझी देऊन ठेवली होती. मी काल स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. अनिकेत दारात आला, त्यानं कागद घेतला, वाचला आणि खिशातलं पेन काढून माझ्यापुढं धरलं. मी सही केली.

तर आज. आतल्या खोलीत साहेब, कोपऱ्यात संगणकावर कारकून, दाराशी दोन पोलीस, आणि बाकावर हलीमा, धुतलेल्या साडीत, हात मांडीखाली दाबून बसलेली. आपल्या आवारातले दोघं-तिघं दारातून डोकावत होते. मी कागद दिला. साहेबांनी ठसा बघितला.

"हा असा का?"

"पायाखाली आला, साहेब."

"कुणाच्या?"

"ते मलाही कळलेलं नाही."

त्यांनी वाचलं. तिकीट उजेडाकडे धरून बघितलं, फोटो बघितले. मला विचारलं, हे अक्षर कुणाचं? मी म्हटलं, हे साळव्यांचं, पण मूळ अर्जावरचं माझं. ती ‘बंगल्यावर’ म्हणाली होती, मी ‘बंगला’ लिहिलं. साहेब म्हणाले, याचे परिणाम तुमच्यावरही होऊ शकतात, कळतंय ना? मी म्हटलं, हो. निकाल आठवड्यानं आहे. काय लागेल मला माहीत नाही. हलीमाची हजेरी तोवर सुरूच आहे आणि मला नोटीस येईल असं दिसतंय. घाबरलेय मी, तुमच्याशी काय लपवायचं. पण सांगायचं ते याच्या पुढचं आहे.

साहेबांचं बोट खालच्या सहीवर थांबलं. "हे ओळख देणारे कोण? हजर आहेत का?"

"वारले," मी म्हटलं.

"मग ही ओळख चालणार नाही. तुम्हाला ओळखणारं दुसरं कुणी आहे इथं?"

मी दाराकडे बघितलं. सव्वीस वर्षं ज्यांच्याबरोबर एका आवारात बसले, त्यांतला एक चपलेकडे बघायला लागला, दुसरा बाहेर गेला. मला राग आला नाही. मीही टेबलाखाली बसलेली बाई आहे.

तेवढ्यात बाकावरून आवाज आला. "मी वळखते की बाईला."

हलीमा उभी राहिली होती. पोलिसाला हसू आलं. साहेब म्हणाले, "अहो, तुमचीच ओळख अजून ठरायची आहे. बसा." ती बसली नाही. कारकुनाचे हात कीबोर्डवर तसेच थांबले होते.

"लिहा," मी म्हटलं.

"काय लिहू?"

"ती बोलली ते."

कारकुनानं साहेबांकडे बघितलं. साहेब त्या बुटाच्या ठशाकडे बघत होते. मग मान न उचलता म्हणाले, "घ्या लिहून. जबाबात घ्या."

कारकून टाइप करता करता पुटपुटायला लागला, "‘सदर महिलेने लिहून देणार यांना ओळखत असल्याचे...’"

"तसं नाही," मी म्हटलं. "ती बोलली तसं. ‘मी वळखते की बाईला.’"

त्यानं आधीचं सगळं पुसलं. एक शब्द टाइप केला आणि माझ्याकडे वळला, तुमच्या शेजारी बसून मी ज्या आवाजात विचारायचे अगदी त्या आवाजात त्यानं विचारलं, "बाई, ‘वळखते’ का ‘ओळखते’?"

"‘वळखते’," मी म्हटलं.